पश्चिमेच्या भिंतीवरची कनात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराचा खालचा मजला आजोबांच्या काळातला असून त्याच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत आणि छत गर्डरवर टाकलेल्या दगडी फरश्यांचे, म्हणजे येथे ज्यांना पटिया म्हणतात त्यांचे, आहे. वरची खोली वडिलांनी बऱ्याच वर्षांनी चढवली. तिची पश्चिमेची भिंत विटेची नऊ इंची, तीत मोठी खिडकी, आणि बाहेर ना झाड ना सज्जा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की २५ मेपासून नौतपा सुरू होतो, आणि त्या नऊ दिवसांत ग्वाल्हेरात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे ही काही बातमी राहत नाही. अशा दिवसांत त्या खोलीत रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याची आठवण होत असे. दुपारी ऊन खाऊन रात्री ते खोलीत ओकणाऱ्या या भिंतीसाठी मी दोन उन्हाळ्यांपूर्वी उष्णतारोधक कापडी पॅनेले विकत घेतली. त्यांचा दोन उन्हाळे, एक हिवाळा आणि दोन पावसाळे इतका अनुभव गाठीशी आल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

विक्रेत्याचे नाव मी येथे मुद्दामच देत नाही. हा माल बाजारात तीन-चार तिरपालवाले, म्हणजे ताडपत्रीवाले, जवळजवळ एकसारखाच शिवून देतात, कापडही बहुधा एकाच ठिकाणाहून येते, आणि पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते दुकानाचे कमी आणि वस्तूचे अधिक आहेत.

वस्तू अशी आहे. बाहेरच्या बाजूला पीव्हीसीचा लेप दिलेले पांढरे पॉलिस्टर कापड, मध्ये सुमारे एक इंच जाडीची पॉलिस्टरच्या तंतूंची भरण, आणि आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले चकचकीत कापड, असे तीन थर एकत्र ठेवून दुलईसारख्या चौकटींत टिपा मारलेल्या असतात. कडांना दुहेरी पट्टी आणि दर फुटाला पितळी आयलेट, म्हणजे दोरी ओवायचे कडे. माझी चार पॅनेले प्रत्येकी साडेचार फूट रुंद व दहा फूट उंच असून एकेकाचे वजन साडेपाच किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एकट्या माणसाला शिडीवर चढून ते टांगता येते. दर चौरस फुटाला ७५ रुपये पडला, म्हणजे १८० चौरस फुटांचे साडेतेरा हजार, आणि जीआय पाइपची चौकट, अँकर फास्टनर व वेल्डरची मजुरी मिळून आणखी सहा हजारांवर गेले. दुकानदाराने चौकटीच्या खर्चाचा उल्लेख पॅनेलांचे पैसे हाती आल्यावर केला, हे नोंदवून पुढे जातो.

पत्रकावर ‘अंतराळ तंत्रज्ञान’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. उपग्रहांना चकचकीत पडद्यांचे अनेक थर गुंडाळतात हे खरे आहे, पण ते थर तेथे इतके परिणामकारक ठरतात ते निर्वात पोकळीमुळे. हवाच नसल्याने उष्णतेला केवळ प्रारणाचा, म्हणजे किरणांवाटे जाण्याचा, मार्ग उरतो, आणि चकचकीत पृष्ठभाग तोच अडवतो. आमच्या गच्चीवर हवाही आहे आणि तिच्याबरोबर येणारी धूळही आहे. म्हणून मुलामा निरुपयोगी ठरत नाही, परंतु त्याच्या अटी समजून घ्याव्या लागतात. स्वच्छ ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग त्याच तापमानाच्या काळ्या पृष्ठभागाच्या साधारण वीसाव्या हिश्शाइतकेच प्रारण सोडतो, तर वीट, गिलावा किंवा साधे कापड नव्वद टक्क्यांच्या आसपास सोडते. मात्र हा फायदा मिळण्यासाठी चकचकीत बाजूसमोर इंचभर तरी मोकळी हवा लागते. ती बाजू भिंतीला चिकटली की प्रारणाचा प्रश्नच उरत नाही, उष्णता स्पर्शाने सरळ पुढे जाते आणि मुलाम्याचे पैसे वाया जातात. दुकानदाराच्या माणसाने पहिल्या दिवशी चारही पॅनेले भिंतीला घट्ट आवळून बांधली होती. घट्ट बांधले की वारा आत शिरत नाही, हा त्याचा युक्तिवाद होता.

चौकट भिंतीपासून चार इंच पुढे आणवण्यासाठी वेल्डरला पुन्हा बोलवावे लागले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे ही दुरुस्ती होत असतानाच एक प्रयोगही उरकून घेतला. एक पॅनेल घट्टच ठेवले, दोन चार इंचांच्या अंतरावर टांगली, चौथे काढून त्याच्या जागी त्याच अंतरावर साधी पांढरी, एकेरी, बिनभरणीची लेप दिलेली ताडपत्री लावली, आणि कडेची तीन फुटांची पट्टी उघडीच राहू दिली. भाच्याचे एसी दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच्याकडून तापमान मोजण्याची बंदूक आणली आणि मे महिन्यातले सलग सहा दिवस दुपारी चार वाजता व पहाटे सहा वाजता भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान वहीत टिपले. (ही बंदूक चकचकीत मुलाम्यावर रोखून आकडा वाचू नये, तो खोटा, फारच कमी येतो. त्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याचे तापमान घ्यावे. दुकानात याच चुकीच्या आकड्यावर गिऱ्हाईक भुलवले जाताना मी पाहिले आहे, आणि पहिल्यांदा मीही भुललो होतो.)

दुपारी चारला, सावलीतले तापमान ४३ च्या आसपास असताना, उघडी भिंत सरासरी ५६ अंश होती. एकेरी ताडपत्रीमागे ती ४५, अंतरावर टांगलेल्या भरणीच्या पॅनेलामागे ४२ आणि घट्ट आवळलेल्या पॅनेलामागे ४३ निघाली. येथपर्यंत पाहिले तर भरणीची जीत आहे, आणि ती अपेक्षितही होती. इंचभर भरणीचा उष्णतेला होणारा अडथळा नऊ इंची विटेच्या भिंतीच्या साधारण दुप्पट भरतो. पण ५६ वरून ४५ वर आणण्याचे अकरा अंशांचे काम एकेरी कापडाने केले आहे आणि भरणीने त्यावर केवळ तीन अंशांची भर घातली आहे, हेही त्याच आकड्यांत दिसते. एकेरी ताडपत्री चौरस फुटाला २२ रुपयांना मिळते.

पहाटेचे आकडे मात्र मला दोनदा तपासावे लागले. उघडी भिंत पहाटे साडेएकतीस अंशांवर उतरलेली असे, एकेरी कापडामागची ३३ वर, अंतरावरच्या पॅनेलामागची ३४ वर, आणि घट्ट बांधलेल्या पॅनेलामागची ३६ वर. कारण कळल्यावर नवल वाटत नाही. भिंत दिवसभरात खोलीतून, हवेतून आणि छतातून काही ना काही उष्णता घेतेच, आणि ती परत टाकण्यासाठी तिला उघडे आकाश आणि रात्रीचा वारा लागतो. आपण तिला दुपारी पांघरूण घातले ते योग्यच केले, परंतु तेच पांघरूण रात्रीही अंगावर ठेवले, म्हणजे दिवसाचा नफा रात्री परत केल्यासारखे झाले. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांत बारा-चौदा अंशांचा फरक असतो, आणि येथे गारव्याची जी काही शिदोरी मिळते ती पहाटेच. ती भिंतीपर्यंत पोहोचू न देणारे पॅनेल कितीही जाड असले, तरी अर्धेच काम करते.

म्हणून सूर्य मावळला की पॅनेल वर गुंडाळावे आणि सकाळी अकराच्या सुमारास, पश्चिमेला ऊन येण्यापूर्वी, पुन्हा सोडावे, हा नेम ठरला. आणि या वस्तूचा सर्वांत मोठा दोष तेथेच उघडा पडला. इंचभर भरणीची दहा फुटांची दुलई गुंडाळली तर तिची गादीच्या वळकटीएवढी गुंडाळी होते. ती दोरीने वर ओढता येत नाही, ओढलीच तर चौकटीच्या वरच्या पाइपात अडकते, आणि शेवटी शिडी लावून हातांनीच बांधावी लागते. पहिले आठ-दहा दिवस मी उत्साहाने हे केले. त्यानंतर पॅनेले रात्रंदिवस खालीच राहू लागली, आणि माझा अंदाज आहे की ज्यांनी ज्यांनी ती घेतली आहेत त्या सर्व घरांत तशीच राहत असतील. याउलट, प्रयोगासाठी लावलेली एकेरी ताडपत्री बांबूच्या चिकेच्या पडद्याप्रमाणे दोन दोऱ्यांवर अर्ध्या मिनिटात वर जाते आणि आमची नातसुद्धा ती ओढते. रोज हाताळायच्या वस्तूला जाडी सोसत नाही.

यात नवीन असे काहीच नाही, हे ज्या गावात आपण राहतो त्या गावाच्या नावावरूनच ध्यानात यायला हवे होते. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा स्थिरावला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. म्हणजे दगडी वाडे उभे राहण्यापूर्वी येथे डेरे, राहुट्या आणि कनाती होत्या. चांगल्या तंबूला दुहेरी छत असते आणि दोन कापडांच्या मध्ये वीतभर हवा खेळती ठेवलेली असते. बाजूच्या कनाती दुपारी सोडतात आणि संध्याकाळी वर करतात. आधुनिक उदाहरणच हवे असेल तर जेद्दा विमानतळावरचे १९८१ मध्ये खुले झालेले हज टर्मिनल घ्यावे. काचतंतूंच्या टेफ्लॉन-लेपित कापडाचे २१० मंडप तेथे उंचावर ताणलेले आहेत, बाजू उघड्या आहेत, आणि त्या वाळवंटी उन्हात यात्रेकरूंना निवारा मिळतो तो सावली, परावर्तन आणि वरून निसटून जाणारी गरम हवा यांच्या बळावर. मोकळ्या जागेवरचे छप्पर आणि घराची भिंत यांची बरोबरी करता येत नाही, हे मान्य आहे. तरीही विक्रेता आपल्याला जाडी विकत असतो आणि काम मात्र बव्हंशी मधली जागा करत असते, एवढे त्यावरून कळते.

मधल्या जागेविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पॅनेलच्या वरच्या कडेला दुकानदाराने धूळ व पाऊस आत जाऊ नये म्हणून एक झालर लावून दिली होती, ती मी पहिल्याच आठवड्यात उसवून टाकली. पॅनेल आणि भिंत यांमधली हवा तापली की वर चढते आणि खालून नवी हवा आत येते. वरचे तोंड बंद केले, तर तीच तापलेली हवा दिवसभर भिंतीला शेकत बसते. झालर काढल्यावर दुपारी वरच्या कडेशी हात धरला तर बाहेर पडणारा गरम झोत स्पष्ट जाणवतो.

आता वाऱ्याविषयी. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये संध्याकाळी आंधी, म्हणजे धुळीचे वादळ, येते, हे येथील वाचकांना सांगायला नको. परंतु हलक्या वस्तूवर वाऱ्याचा किती ओढा येतो याचा हिशेब बहुतेकांनी केलेला नसतो, मीही केला नव्हता. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानकात जे सूत्र वापरतात त्यानुसार सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, वेगाची आंधी आली तर हा दाब २४० न्यूटन होतो, आणि माझ्या एका पॅनेलचे क्षेत्रफळ सव्वाचार चौरस मीटरच्या जवळपास असल्याने त्यावर सुमारे १०० किलो वजनाइतका ओढा येतो. साडेपाच किलोच्या वस्तूवर शंभर किलोचा ओढा, आणि तो पेलायला दर फुटावर एक पितळी आयलेट. पहिल्या उन्हाळ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री आंधी आली तेव्हा एका कोपऱ्याचा आयलेट कापडासकट निघाला, मोकळे झालेले टोक रात्रभर चौकटीवर आपटत राहिले, आणि सकाळी त्या कडेचे सहा आयलेट गेलेले होते. शेजाऱ्यांचीही झोप गेली, त्याबद्दल त्यांनी जे ऐकवले ते रास्त होते.

दुकानदाराने ‘आंधी आली तर आम्ही काय करणार’ या एका वाक्यात विषय संपवला आणि नवे आयलेट पैसे घेऊन लावून दिले. ‘पाँच साल की गारंटी’ तोंडी होती, पावतीवर तिचा मागमूस नव्हता. घेणाऱ्यांनी ती लिहूनच घ्यावी, आणि कापड, शिवण व आयलेट यांचा वेगवेगळा उल्लेख करवून घ्यावा, कारण कापड बहुधा टिकते आणि शिवण आधी जाते. नंतर मी दोन बदल स्वतःच केले. वरची कड पक्क्या दोरीने बांधली, आणि बाजूंना व खाली रबरी गोफाचे फासे लावले, जेणेकरून झोत आला की पॅनेल थोडे सैल होऊन वारा जाऊ देईल. शिवाय सर्वांत खालचे दोन फासे मुद्दामच बारीक सुतळीचे ठेवले. फार मोठा वारा आला तर आधी दोन रुपयांची सुतळी तुटावी, कापड नव्हे. विजेच्या फ्यूजचेच हे तत्त्व. त्यानंतरच्या आंध्यांत सुतळी तीनदा तुटली आहे आणि आयलेट एकही गेलेला नाही.

पावसाळ्याने दुसरी परीक्षा घेतली. दुलईसारख्या टिपांची प्रत्येक सुई म्हणजे एक भोक, आणि पाणी त्या भोकांतून भरणीत उतरते. जुलैतल्या एका संततधारेनंतर एक पॅनेल उतरवून तोलले तर साडेपाचाचे नऊ किलो झाले होते. ते वाळायला तीन दिवस लागले आणि आतून जो कुबट वास सुटला तो अजून पूर्ण गेलेला नाही. शिवाय भिजलेली भरण उष्णता अडवत नाही, कारण तिचा सारा गुण तंतूंमध्ये अडकलेल्या हवेचा असतो आणि तेथे आता पाणी बसलेले असते. शिवणीवरून पट्टी चिकटवून उष्णतेने सील केलेला माल मिळतो, तो चौरस फुटाला दहा-पंधरा रुपयांनी महाग असला तरी पावसात राहणार असेल तर तोच घ्यावा. नाहीतर जूनअखेरीस पॅनेले उतरवून ठेवावीत. उतरवून ठेवताना उंदरांचा विचार करावा, कारण ही भरण त्यांना भारी आवडते. खारींनाही आवडते: एका कोपऱ्यातून त्यांनी चांगली मूठभर काढून नेली, आणि माकडांनी काय केले ते लिहीत बसत नाही, कारण माकडांपुढे टिकणारे कापड लष्करात अजून कोणी विकलेले नाही.

दिशेच्या बाबतीत माझी स्वतःची चूक झाली, ती सांगणे अगत्याचे आहे. मी पश्चिमेची भिंत पूर्ण झाकली आणि उत्तरेकडे बघितलेही नाही, कारण उत्तरेला ऊन येत नाही असे आपण सारेच धरून चालतो. ग्वाल्हेर २६.२ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडेच वर आहे. त्यामुळे जूनच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दोननंतर तो पश्चिम दिशेच्या उत्तरेला सरकतो आणि मावळतो तो पश्चिमेपासून सुमारे २६ अंश वायव्येकडे. सायंकाळी सहा वाजता तो वीसएक अंश उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या भिंतीवरून तिरपे ऊन सरळ खिडकीत टाकतो. आमची उत्तरेची खिडकी कोपऱ्यापासून दोन फुटांवर सुरू होते आणि पाच फुटांवर संपते. हिशेब केला तर पश्चिमेची कनात कोपऱ्याच्या पलीकडे दोन फूट वाढवली, की त्या वेळी तिची सावली उत्तरेच्या भिंतीवर साडेपाच फूट पडते, म्हणजे खिडकी पुरती झाकली जाते. दक्षिणेला मात्र उन्हाळ्यासाठी काहीही लावू नये. जूनमध्ये तेथे ऊन जेमतेम लागते, आणि डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांवर असल्यामुळे तेच ऊन खोलीत खोलवर येते. येथील थंडीत ते अडवणे म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला परत पाठवणे होय.

कूलर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. आमचा कूलर पश्चिमेच्या खिडकीत होता. पॅनेल लावल्यावर त्याला ताजी हवा मिळेना, तो मधल्या जागेतली तापलेली हवाच ओढू लागला. तो उत्तरेच्या खिडकीत हलवावा लागला. खिडकीपुरते बोलायचे तर आतल्या जाड पडद्यापेक्षा बाहेरचे कापड निःसंशय चांगले, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्यावर अडले तरी त्याची उष्णता खोलीतच राहते.

या वस्तूने मला निर्विवाद समाधान दिले ते एका वेगळ्याच ठिकाणी. गच्चीवर आमची पत्र्याची एक खोली आहे, तेथे सूनबाई संध्याकाळी शिकवणी घेतात. पत्र्याची खालची बाजू मे महिन्यात दुपारी ६६ अंशांपर्यंत तापलेली मी मोजली आहे, आणि मुलांच्या डोक्यावर बसणारा तो ताप हवेपेक्षा प्रारणाचाच अधिक असतो. फाटून दुरुस्त केलेले पॅनेल कोठे वापरावे हा प्रश्न होता, म्हणून ते पत्र्याखाली तीन इंच सोडून आडवे टांगले, चकचकीत बाजू खाली ठेवून. वरच्या बाजूला धूळ साचते आणि धुळीने मुलाम्याचा गुण जातो. खालची बाजू स्वच्छ राहते. पॅनेलच्या खालच्या पृष्ठभागाचे तापमान, अर्थात चिकटपट्टी लावून, ४५ निघाले. एकवीस अंशांचा हा फरक कोणालाही यंत्राशिवाय कळतो. खोलीत शिरताना डोके आपोआप खाली जात असे, ते आता जात नाही. येथे वारा नाही, पाऊस नाही, माकडे नाहीत, रोज गुंडाळण्याची गरज नाही, आणि पत्रा सूर्यास्तानंतर तासाभरात आपोआप गार होत असल्याने रात्रीचा प्रश्नही येत नाही. पत्रकात नसलेला एक लाभही मिळाला: पावसात पत्र्याचा जो ताशा वाजे तो इतका दबला की शिकवणी थांबवावी लागत नाही.

हिवाळ्यातला उपयोग मी असाच चाचपडत शोधला. जानेवारीत येथे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि वरच्या खोलीच्या लोखंडी दाराच्या फटींतून जो वारा येतो तो गोधडीतही शोधून काढतो. त्या दारावर आतून एक पॅनेल रात्रीपुरते टांगले. या कामी मात्र जाडी उपयोगाला येते, आणि घट्ट बसवणेही. पश्चिमेच्या भिंतीवरचे पॅनेल त्या दिवसांत उतरवलेले असावे, दुपारचे ऊन भिंतीला मिळू द्यावे.

आगीची चाचणी प्रत्येकाने घ्यावी. नमुन्याचा हातभर तुकडा मागून घ्यावा, आणि मोकळ्या जागी, चिमट्यात धरून, काडीची ज्योत कडेला लावून पाहावी. माझ्या नमुन्याचे बाहेरचे कापड आक्रसले आणि ज्योत हलवताच विझले. भरण मात्र वितळून थेंब गळत जळत राहिली. त्यामुळे शिकवणीच्या खोलीत विजेची तार पॅनेलपासून दूर घेतली आहे आणि दिवाळीच्या आधी बाहेरचे काहीही टांगलेले ठेवत नाही. अग्निरोधक भरण मागितल्यास मिळते, परंतु तिचे प्रमाणपत्र पाहूनच जास्तीचे पैसे द्यावेत.

केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी जी इको-निवास संहिता आणली, तिच्यात आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत छत वगळता बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला सरासरी १५ वॅट अशी घातली आहे आणि छतासाठी वेगळी अट आहे. नवे घर बांधणाऱ्याने भिंतीची वीट आणि खिडकीचा सज्जा निवडतानाच ती पाहिली, तर त्याला या दुकानात यावेच लागणार नाही. आम्ही मात्र वडिलांच्या भिंतीशी बांधलेले आहोत.

या वर्षी मी गेल्या आठवड्यात बाजारात जाऊन आलो. भरणीची चारही पॅनेले भिंतीवरून निवृत्त केली आहेत: तीन पत्र्याखाली गेली, एक दारासाठी राखले. पश्चिमेला एकेरी पांढरे कापड शिवायला टाकले आहे, दोरीवर वर जाणारे, शिवण सील केलेले, चार इंच पुढे, वर-खाली उघडे आणि उत्तरेच्या कोपऱ्यापलीकडे दोन फूट वाढवलेले. दुकानदाराने मापे लिहून घेताना, भिंत संपल्यावर पुढे दोन फूट कशासाठी, असे दोनदा विचारले आणि तरीही मापात ती लिहिली की नाही हे मी वही मागून घेऊन पाहिले. लिहिली नव्हती, समोर बसून लिहवून घेतली.